गावातला चित्रपट महोत्सव : परक्या भाषेतली फिल्म मोठ्याने वाचून दाखवावी का?

घाटपायरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. प्रश्न एकच आहे, पण आधी थोडी पार्श्वभूमी सांगते.

मी वाईजवळच्या एका गावातली. आमच्या भागात शूटिंगचं फारसं अप्रूप उरलेलं नाही. बिहारमध्ये घडणारा 'गंगाजल' (२००३) वाईत चित्रित झाला. 'स्वदेस'मधलं (२००४) चरणपूर म्हणजे आमची मेणवली. घाटावर जनरेटर घरघरायला लागला की पोरं पळत सुटायची आणि दोरीच्या अलीकडे उभी राहायची. मीही उभी राहिलेय. कुणाला गर्दीत उभं राहायचं काम मिळायचं, दिवसाची मजुरी सुटायची. पुढे फिल्म टीव्हीवर लागली की 'तो बघ आपला घाट' म्हणायचं, झालं. सिनेमा आमच्याकडे तयार होतो, पण बघून झाल्यावर चार माणसांनी बसून बोलावं असा सिनेमा काही आमच्याकडे येत नाही. ही सल जुनी आहे.

म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जणांनी शाळेच्या सभागृहात दोन दिवसांचा छोटा महोत्सव केला. नऊ फिल्म्स. त्यात सात लघुपट-माहितीपट आणि दोन मोठ्या. प्रोजेक्टर शाळेचाच. पडदा गावातल्या शिंप्याने मांजरपाटाचे पट्टे जोडून शिवून दिला आणि चारी बाजूंनी काळ्या कापडाची किनार लावली. त्या किनारीने चित्र किती उठून दिसतं हे लावल्याशिवाय कळत नाही. एकूण खर्च २६,५०० रुपये. त्यातला निम्मा साउंडवाला आणि खुर्च्या. बाकी चहा, पोहे, पत्रकं आणि बाहेरून आलेल्या तिघांचं गाडीभाडं.

पहिल्या दिवशी चाळीसेक माणसं. नागराज मंजुळेंचा 'पिस्तुल्या' झाल्यावर पाचवी-सहावीतली मुलं इतकी गप्प होती की दिवे लावायचं कुणाला सुचेना. दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, दीडशेच्या आसपास. निम्म्या बायका, त्यातही बऱ्याच साठीच्या पुढच्या. आणि त्यांच्यासमोर आम्ही लावणार होतो 'बायसिकल थीव्ज'. दिग्दर्शक डी सिका, १९४८. भाषा इटालियन, सबटायटल इंग्रजी.

हे आमच्या आधीच लक्षात आलं होतं. म्हणून मी महिनाभर रोज रात्री बसून सगळे संवाद मराठीत उतरवले, शंभरपानी वहीत. आमच्या गावच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत, सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. त्यांनी फिल्म दोनदा पाहून घेतली आणि कार्यक्रमाच्या वेळी बाजूला टेबल लावून, छोट्या दिव्याखाली, माइकवरून वाचली. नाटकी आवाज नाही, वेगवेगळी सोंगं नाहीत. एकाच सुरात, पात्राचं वाक्य सुरू झालं की अर्ध्या क्षणाने. कुणी बोलत नसेल तेव्हा बाई गप्प. शेवटी बापलेक गर्दीतून चालत जातात तिथे शब्दच नाहीत. तिथे बाईंनी वही मिटली आणि त्याही पडद्याकडे बघत बसल्या.

आता मुद्दा. फिल्ममध्ये सुरुवातीला नायकाकडे त्याची सायकल गहाणातून सोडवायला पैसे नसतात, तेव्हा बायको घरातल्या पलंगावरच्या चादरी काढते, धुते आणि गहाण टाकायला नेते. गहाणवटीच्या दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन शिडीवरून उंच उंच चढत जातो. वरपर्यंत तशीच गाठोडी रचलेली. त्यावेळी पुढच्या रांगेतून 'आगं बाई' असा आवाज आला. फिल्म संपल्यावर चर्चेत एक आजी उठल्या आणि त्यांनी विचारलं, "चादरींचं काय झालं शेवटी? सुटल्या का न्हाईत?"

याचं उत्तर फिल्म देत नाही. मी ती फिल्म पाच-सहा वेळा पाहिलेली, माझ्या डोक्यात हा प्रश्न कधी आला नव्हता. त्यावर ज्या बोलायला लागल्या बायका! कुणी पितळी हंडा सांगितला, कुणी पाटल्या, कुणी नवऱ्याला न सांगता ठेवलेली जोडवी. दहा वाजता नियमाप्रमाणे माइक बंद केला. बिनमाइकचं बोलणं अकराला संपलं.

चर्चेनंतर पुण्याहून आलेल्या एका तरुण मित्राने शांतपणे, पण ठाम सांगितलं, की असं वाचून दाखवणं म्हणजे फिल्मवर अन्याय आहे. आवाज हा फिल्मचा अर्धा भाग आणि तो आम्ही झाकला. त्याचं बोलणं मनाला लागून राहिलंय, कारण त्यात तथ्य आहे. येत्या जानेवारीत पुन्हा करतोय. वाचायचं की नाही, हे ठरवायचंय. अनुभवी लोकांनी बोला.

---

काळी_फ्रेम

घाटपायरीताई, तो पुण्याचा मित्र मीच. धागा दिसला म्हणून लगेच लिहितोय.

त्या चर्चेचं मोल मला कळलंय, अजूनही ती संध्याकाळ डोळ्यांपुढून जात नाही. तरी माझं म्हणणं तेच आहे. रोमच्या रस्त्यावरचा गलका, ट्रामचा आवाज, नायकाच्या पोराची, त्या छोट्या ब्रूनोची हाक, यांच्यावर सतत दुसरा आवाज बसतो. माणूस गोष्ट ऐकतो, फिल्म ऐकत नाही. आपण नव्या प्रेक्षकाला पहिल्यांदा अशी फिल्म दाखवतो तेव्हा जास्तच जपायला हवं, कारण त्याला पुढे तीच सवय लागणार. मराठी सबटायटल करा. मी करून देतो, पैसे नकोत.

---

रीळ_नंबर_तीन

सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

मी फिल्म सोसायटीच्या जुन्या दिवसांतला माणूस. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८चं, तसल्या चळवळीच्या हवेत वाढलो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून (स्थापना १९६४, पी. के. नायर यांनी जिवापाड उभं केलेलं) १६ मिमीच्या प्रती सोसायट्यांना मिळायच्या. पत्र्याचे डबे एसटीच्या टपावरून आणलेत मी. चारशे फुटांचं रीळ म्हणजे साधारण अकरा मिनिटं. मोठ्या रिळावर जोडून घेतली तरी प्रोजेक्टर एकच, म्हणजे मधे थांबायचंच. दिवे लागायचे, लोक बोलायचे, बिड्या ओढून यायचे. तेव्हा कुणी म्हटलं नाही की फिल्मवर अन्याय झाला. 'काळी फ्रेम' म्हणतात तसं शुद्ध प्रदर्शन आमच्या वाट्याला कधी आलंच नाही, तरी त्या फिल्म्स आमच्या अंगात भिनल्या.

आणि एक तांत्रिक गोष्ट. त्या काळी इटलीत संवाद बहुतेक नंतर स्टुडिओत भरले जायचे. रस्त्यावर चित्रण करायचं आणि आवाज मागाहून चढवायचा, हीच रीत होती. म्हणजे ज्या आवाजाचं पावित्र्य आपण राखायला निघालो, तो मुळातच वरून लावलेला.

तरी मराठी सबटायटलचा प्रयोग कराच. ओळ तीस-पस्तीस अक्षरांच्या पुढे नको, एका वेळी दोनच ओळी, पांढऱ्या अक्षरांमागे काळी पट्टी. देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार असतात, त्यामुळे इंग्रजीपेक्षा ओळींत जास्त अंतर ठेवा, नाहीतर दुसऱ्या ओळीची वेलांटी पहिल्या ओळीच्या उकारात अडकते.

---

मठ्ठा_जिलबी

+१. पण माझी आजी सातवी शिकलेली, पेपर रोज वाचते. तरी हलत्या चित्राखालची ओळ तिला संपवता येत नाही. वाचायला गेली की चेहरे निसटतात. सबटायटल हे सरावाचं काम आहे. आपल्याला सवय झाली म्हणून कळत नाही.

---

अडकित्ता

मी बेळगावचा, नोकरीनिमित्त काही वर्षं सागरला होतो (जिल्हा शिमोगा). तिथून जवळच हेग्गोडू नावाचं गाव आहे, सुपारीच्या बागांमधलं. तुमचं वाचून तेच आठवलं, म्हणून सविस्तर लिहितो.

के. व्ही. सुब्बण्णा हे तिथले. स्वतः सुपारीवाले शेतकरी घराण्यातले. १९४९ साली गावातल्या मंडळींनी नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ काढला, तोच नीनासम. नाटकासाठी गावात शिवराम कारंतांच्या नावाचं रंगमंदिर उभं राहिलं. आणि १९७३ मध्ये, अशा गावात, फिल्म सोसायटी! पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक सतीश बहादूर तिथे येऊन रसास्वादाची शिबिरं घ्यायचे. राय, डी सिका, कुरोसावा. प्रेक्षक कोण? बागांत काम करणारी माणसं, शिक्षक, घरच्या बायका. त्यांना हे झेपणार नाही असं शहरातले लोक म्हणत होते. त्यांना झेपलं. सुब्बण्णांना १९९१चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याच्या मुळाशी हीच श्रद्धा आहे, की जगातलं उत्तम ते खेड्यातल्या माणसाला आधी पातळ करून द्यायची गरज नाही.

तिथल्या जुन्या लोकांकडून मी जे ऐकलं त्यात एक गोष्ट पक्की होती. फिल्मच्या आधी कन्नडमध्ये नीट सांगायचं, फिल्म झाल्यावर कन्नडमध्ये बोलायचं. भाषेचा पूल दोन्ही टोकांना बांधायचा. मधली फिल्म मग आपोआप ओलांडता येते. ताई, तुमच्याकडे पूल मधोमधच बांधलाय. तोही टिकला हे आजींच्या प्रश्नावरून दिसतंच. पण पहिल्या दहा मिनिटांत बाईंनी गोष्टीची मांडणी सांगितली, माणसांची नावानिशी ओळख करून दिली आणि फिल्म चालू असताना फक्त नड असेल तिथेच वाचलं, तर 'काळी फ्रेम' यांचंही समाधान होईल असं वाटतं.

---

काळी_फ्रेम

रीळकाका, आवाज नंतर भरायचे हे मला माहीत होतं. पण तो कुणी भरायचा, कसा भरायचा, हे दिग्दर्शकाने ठरवलेलं असतं. बाईंचा आवाज डी सिकांनी ठरवला नव्हता. एवढाच फरक, आणि माझ्यासाठी तो मोठा आहे.

अडकित्ता, तुमची सूचना मात्र पटली.

---

पायवाट_माण

जपानमध्ये मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे बेन्शी असत. लोक आवडत्या बेन्शीसाठी थिएटर निवडायचे. म्हणजे फिल्मसोबत जिवंत माणसाचा आवाज ही काही अडाणीपणाची खूण नाही.

आमच्याकडे माणदेशात जत्रेला तंबू टॉकीज यायची. जमिनीवर बसायचं, मधे कनात, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. माझा चुलता निम्मी फिल्म आम्हा पोरांना कानात सांगत असायचा आणि शेजारचे त्याच्या जवळ सरकून बसायचे. तो माळकरी माणूस, कीर्तनाला बसल्यासारखा फिल्मला बसायचा. वाचून दाखवणं, सांगणं, ऐकणं हे आपल्या रक्तात आहे. पोथी तरी दुसरं काय असते? एक वाचतो, घर ऐकतं. बाईंना माझा नमस्कार सांगा.

एक सुचवू? सुरुवात 'संत तुकाराम'ने करा. प्रभात फिल्म कंपनी, १९३६, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात नावाजला गेलेला. तिथे वाचायला काही लागणार नाही, आजी स्वतःच अभंग म्हणतील. मग दुसऱ्या दिवशी परकी भाषा आणा.

---

कलम_बावन्न

वकिलीतला माणूस म्हणून दोन गोष्टी, उत्साहावर पाणी टाकायचा हेतू नाही.

आपल्याकडे चित्रपटावरचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. त्यामुळे १९४८ची फिल्म भारतात २००८ अखेर मोकळी झाली. पण पटकथा आणि संगीत यांचे हक्क वेगळे असतात आणि ते लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतात. शिवाय ज्याच्याकडून प्रत घेता त्याच्या अटी असतात. सबटायटल हेही कुणाचं तरी लेखन आहे, त्यावरून भाषांतर करताना भान ठेवा. ताई, वहीतलं भाषांतर तुम्ही इंग्रजी सबटायटलवरून केलंत का? पत्र लिहून परवानगी मागितलेली केव्हाही बरी. आणि ओटीटीचं सबस्क्रिप्शन घरापुरतं असतं, ते लावून हॉलमध्ये दाखवता येत नाही. फिल्म यूट्यूबवर आहे म्हणजे सार्वजनिक दाखवायला मोकळी आहे, असंही नाही.

दुसरं, सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२. सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. नव्या मुलांच्या लघुपटांना ते बहुधा नसतं. महोत्सवासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मागता येते, त्यासाठी फिल्म्सची यादी आणि सारांश आधी पाठवावा लागतो. हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. दहाचा माइक तुम्ही बंद केलात ते उत्तम. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, बंदिस्त सभागृहातला आतल्यापुरता वापर सोडला तर, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद.

---

एक_लघुपटवाली

धाग्याचा विषय थोडा सोडून लिहितेय, पण माझ्या बाजूने हे सांगायलाच हवं.

मी दोन लघुपट केलेत, घरच्या पैशांनी. पहिला लघुपट मी अकरा महोत्सवांना पाठवला, प्रत्येक ठिकाणी प्रवेश शुल्क भरून. त्यातल्या काही ठिकाणी फिल्म 'निवडली' गेली, एकाने पुरस्कारही दिला. नंतर कळलं की या महोत्सवांनी फिल्म्स कुठे दाखवल्याच नाहीत. दर महिन्याला नवे विजेते, प्रत्येकाला पानाफुलांच्या चिन्हाची एक पीडीएफ, ट्रॉफी हवी असेल तर पैसे वेगळे. माझी फिल्म एकाही खोलीत एकाही माणसाने एकत्र बसून पाहिली नाही. त्या दिवशी मी खूप रडले. पैशांसाठी नाही रडले.

म्हणून ताई, यंदा स्पर्धा ठेवू नका. शुल्क घेऊ नका. धरमशालाचा महोत्सव २०१२पासून चालू आहे, रितू सरीन आणि तेन्झिंग सोनम यांनी सुरू केलेला, आणि तिथे स्पर्धाच नाही. लोक येतात, फिल्म बघतात, डोंगरउतारावर चहा पीत बोलतात. आम्हाला बक्षीस नको असतं. एसटीचं भाडं, एक जेवण, आणि 'चादरींचं काय झालं' असं विचारणारी एक आजी. माझ्या फिल्मला असा एक प्रश्न मिळाला असता तर मी दुसरी फिल्म दोन वर्षं आधी केली असती.

---

मठ्ठा_जिलबी

लघुपटवाली ताई, तुमची फिल्म कुठे बघायला मिळेल?

---

रीळ_नंबर_तीन

पैशांबद्दल कुणी विचारलं नाही, तरी लिहितो. २००६ला गोरखपूरला सुरू झालेल्या 'प्रतिरोध का सिनेमा' या महोत्सवांच्या मालिकेने कंपन्यांचा आणि सरकारचा पैसा घ्यायचा नाही असं ठरवलं आणि प्रेक्षकांच्या वर्गणीवर ती उत्तर भारतात शहरोशहरी गेली. गावात तर हे आणखी सोपं. पन्नास घरांनी प्रत्येकी पाचशे रुपये दिले तर तुमचा २६,५००चा हिशेब जवळजवळ जुळतो. आणि ज्याने पाचशे दिलेत तो घरच्यांना घेऊन येतो. बॅनरवर एखाद्या मोठ्या माणसाचा फोटो आला की महोत्सव त्याचा होतो. गणपतीच्या मंडळांचं काय झालं ते आपण बघतोच आहोत.

---

घाटपायरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही पाचही जण आणि बाई असे शाळेत बसलो, हा धागा फोनवर मोठ्याने वाचला. बाईंनीच वाचला.

कलम बावन्न, होय, भाषांतर इंग्रजी सबटायटलवरून केलं. प्रमाणपत्राचं आणि त्यातून सूट मागायचं काम आम्ही गेल्या वर्षी नीट समजून घेतलं नव्हतं. यंदा यादी दिवाळीपूर्वी पक्की करून अर्ज पाठवतोय. मसुदा तुम्हाला दाखवला तर चालेल का?

स्पर्धा नाही, शुल्क नाही. यावर एका मिनिटात एकमत झालं. लघुपटवाली, तुमच्या दोन्ही फिल्म्स आम्हाला हव्यात. विपू (विचारपूस, म्हणजे इथला खाजगी निरोप) बघा.

वर्गणीचं रीळकाकांचं गणित आमच्या पाचांतल्या ग्रंथपालांनी लगेच वहीत मांडलं. काल रात्रीपर्यंत चौदा घरं झाली.

'संत तुकाराम'साठी संग्रहालयाला पत्र लिहितोय. पायवाट, सूचना सगळ्यांना इतकी आवडली की पहिली संध्याकाळ तीच.

आता मूळ प्रश्न. यावर आमच्यात बराच वेळ वाद झाला. बाईंनी एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. त्या दिवशी फिल्मच्या मध्यावर त्यांनी चार-पाच ठिकाणी वहीत असूनही वाक्यं वाचली नाहीत. बापाने ब्रूनोला थोबाडीत मारली त्यानंतरचा तो तुटक संवाद त्यांनी गाळला. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोराचा चेहरा बघितला आणि वाटलं, आता मी मध्ये बोलले तर त्याला आणखी लागेल." चाळीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलेल्या बाईने घेतलेला तो निर्णय होता. काळी फ्रेम, मला वाटतं तू जे जपायला सांगतोयस तेच त्यांनी न सांगता जपलं.

तर असं ठरलंय. आधी दहा मिनिटं बाई बसून गोष्टीची ओळख करून देणार. पडद्यावर मराठी सबटायटल राहणार, ती तू करणार. आणि पुढच्या चार रांगांसाठी, जिथे आज्या बसतात, बाई वाचणार. मोठ्या स्पीकरवरून नाही, कमी आवाजाच्या एका छोट्या स्पीकरवरून, तोंड त्या रांगांकडे करून. मागे बसलेल्याला फिल्मचा आवाज स्वच्छ ऐकू येईल. किती वाचायचं आणि कुठे थांबायचं हे बाईंनी ठरवायचं. त्यांची अट एकच आहे, फिल्म महिनाभर आधी हातात द्यायची आणि तीनदा बघू द्यायची.

---

काळी_फ्रेम

मला मान्य आहे. थोबाडीचं ऐकून फिल्म पुन्हा काढली आणि तेवढा भाग आवाज बंद करून पाहिला. बाई बरोबर आहेत.

ताई, वहीची पानं फोटो काढून पाठवा. नव्याने भाषांतर करत नाही, त्यातलेच शब्द घेतो. 'गहाण सुटलं' हे मला सुचलं नसतं.

---

अडकित्ता

जानेवारीच्या तारखा कळवा. बेळगावहून येतो. येताना सुपारी आणतो.

---

घाटपायरी

शनिवार-रविवार, दुसरा आठवडा. नक्की झालं की इथेच लिहीन. फोटो रात्री पाठवते, आत्ता पडदा घेऊन शिंप्याकडे निघालेय. डाव्या बाजूची किनार उसवलीय आणि तो म्हणतोय की यंदा दोन हात रुंदी वाढवून देतो, मागच्या खेपेला कडेला बसलेल्यांना नीट दिसलं नव्हतं.